भिजवलेल्या पेलेट्स की तयार भुकटी? चावता न येणाऱ्या गिनी पिगला भरवताना

माझी गिनी पिग मिरी ढोबळी मिरचीची फोड उचलायची, दोन-तीनदा जबडा हलवायची आणि टाकून द्यायची. भूक होती; वाटीचा आवाज आला की धावत यायची. मग हनुवटी सारखी ओलसर दिसायला लागली, लेंड्या बारीक पडायला लागल्या, आणि काट्यावर ठेवली तेव्हा 940 ग्रॅमची मिरी 860वर आलेली होती. खालच्या दाढा आत, जिभेकडे वाढून त्यांचा जिभेवर जवळजवळ पूल झाला होता. गिनी पिगचे सगळेच्या सगळे 20 दात आयुष्यभर वाढत राहतात. दुखतं म्हणून तो चघळत नाही, आणि चघळत नाही म्हणून दाढा झिजत नाहीत. भूल देऊन दाढा घासाव्या लागल्या. पण तो दिवस उजाडेपर्यंत आणि त्यानंतर जवळजवळ तीन आठवडे तिला सिरिंजने भरवायचं होतं, ते घरीच.

हीच वेळ आलेल्या माणसापुढे साधारण दोन वाटा असतात. एक म्हणजे तिच्याच रोजच्या पेलेट्स, म्हणजे गवताच्या दाबून केलेल्या खाण्याच्या गोळ्या, कोमट पाण्यात भिजवून, घोटून लापशी करायची. दुसरी म्हणजे आजारी शाकाहारी प्राण्यांसाठी मिळणारी तयार भुकटी, ऑक्सबो कंपनीची क्रिटिकल केअर किंवा त्या जातीची दुसरी कुठली, पाण्यात कालवून द्यायची. मी दोन्ही केलं. अनुभव एकाच प्राण्याचा आहे, त्यामुळे तुमच्याकडे वेगळं घडू शकतं हे आधीच सांगतो.

सुरुवात पेलेट्सने झाली, कारण रात्री घरात तेवढंच होतं. याचं मोल कमी लेखू नये. गिनी पिगचं आतडं सतत चालू राहावं लागतं. 12 तास पोटात काही गेलं नाही तर ती तातडीची बाब समजावी. अशा वेळी सकाळपर्यंत निभावून नेणारी गोष्ट हाताशी असणं हाच मोठा आधार. शिवाय वास ओळखीचा. पहिल्या घासाला मिरीने मान फिरवली नाही, उलट सिरिंजचं टोक चाटलं. त्या रात्री मला वाटलं, भुकटीची गरजच काय?

दुसऱ्या दिवसापासून गरज कळायला लागली. पेलेट्स कितीही वेळ भिजवा, त्यात गवताचे बारीक तंतू आणि न फुगलेले कण राहतातच. सिरिंजच्या टोकाशी ते अडकतात. दट्ट्या दाबला की काहीच येत नाही. आणखी दाबला तरी येत नाही. मग एकदम अडथळा सुटतो आणि सगळं एका दमात तोंडात जातं. माझा निर्णय या एका त्रासाने झाला, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर सांगतो.

पसारा होतो, टॉवेल भरतो, हे सगळं सहन करता येतं. पण गिनी पिगच्या तोंडातून घशाकडे जाणारी वाट फार अरुंद असते. गिळायला वेळ न देता अर्धा मिलिलिटर लापशी आत गेली तर ती श्वासनलिकेत जायची भीती असते. मिरीला एकदा असा ठसका लागला की तिला हातात धरून मी तसाच बसून राहिलो, ती नीट श्वास घेतेय की नाही ते बघत. पुढच्या वेळी सिरिंज दिसताच तिने मागे सरकायला सुरुवात केली. आदल्या रात्री टोक चाटणारा तोच प्राणी. दिवसातून पाच वेळा भरवायचं असताना प्राण्याचा विश्वास गेला तर तो परत कुठून आणायचा?

उपाय करून पाहिले. लापशी गाळून घेतली. टोक बंद पडायचं थांबलं, पण गाळणीत राहिला तो सगळा चोथा, म्हणजे आतड्याला जो हवा तोच भाग. पाणी वाढवून पाहिलं. लापशी सुरळीत वाहिली, पण मग तेवढंच अन्न पोटात जायला जवळजवळ दीडपट लापशी भरवावी लागली. आजारी गिनी पिगला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण 50 ते 80 मिलिलिटर, चार ते सहा वेळांत विभागून, असा हिशोब धरतात. मिरीच्या वजनाला ते एका वेळी 10-12 मिलिलिटर येतं, म्हणजे एक मिलिलिटरच्या सिरिंजा दहा-बाराच. ही संख्या अठरावर गेली की तिचाही धीर सुटायचा आणि माझाही. सिरिंजचं टोक कापून भोक मोठं करता येतं, कापलेली कड घासून गुळगुळीत केली तर ते चालतंही. पण भोक मोठं झालं की एका वेळी किती बाहेर पडेल यावरचा हाताचा ताबा कमी होतो, आणि मला नेमका तोच हवा होता.

भुकटी आली ती चौथ्या दिवशी. एक भाग भुकटी, दोन भाग कोमट पाणी. ती बारीक दळलेली असल्यामुळे सिरिंजमधून एकसारखी येते, दट्ट्या जेवढा दाबाल तेवढीच. माझ्यासाठी तराजू इथेच झुकला. क जीवनसत्त्वाचा मुद्दाही आहे: गिनी पिगच्या शरीरात ते तयार होत नाही, आणि पेलेट्समधलं क साठवणीत कमी होत जातं, तर भुकटीत ते मुद्दाम घातलेलं असतं. पण खरं सांगायचं तर मी तेवढ्यासाठी भुकटी निवडली नसती. क जीवनसत्त्वाचे थेंब वेगळे देता येतात. फक्त ते थेट तोंडात द्यावेत. पाण्याच्या बाटलीत टाकलेले लवकर निकामी होतात.

भुकटीतही खोट आहे. कालवून ठेवली की ती पाणी शोषत राहते आणि दहा मिनिटांत घट्ट होते, त्यामुळे वाटीत मधूनमधून चमचाभर कोमट पाणी घालावं लागतं. आणि चव. मी आणली ती बडीशेपेसारख्या वासाची होती, आणि मिरीने पहिले दोन दिवस ती ओठांच्या कडेने बाहेर काढली. तिच्या पेलेट्स कोरड्या असतानाच दळून, त्याची चिमूट वर मिसळली तेव्हा ती गिळायला लागली. तुमचा प्राणी चवीबाबत हट्टी असेल तर ही मिसळ आधी करून पाहा. भुकटी आवडत नाही असं ठरवून पिशवी बाजूला ठेवू नका. फळाच्या चवीचीही मिळते, पण ती मी वापरलेली नाही.

भरवायची पद्धत दोन्हींना एकच. टॉवेलमध्ये सैलसर गुंडाळून, चारही पाय टेकलेले, पाठीवर कधीच नाही. पुढच्या दातांच्या मागे जी मोकळी जागा असते तिथून, बाजूने, सिरिंजचं टोक आत. थोडंसं द्यायचं, जबडा हलेपर्यंत थांबायचं, गिळलं की पुढचं. मिरी चघळायची तेव्हा तिचे कान हलायचे. मी तेच बघून पुढचा घास द्यायचो. आणि पोट ताठ, फुगलेलं लागलं तर भरवणं थांबवून तडक डॉक्टरांकडे. कोंडलेल्या आतड्यात वरून अन्न ढकलणं घातक ठरू शकतं. वेदनाशामक औषध वेळच्या वेळी गेलं की अर्ध्या तासाने ती बरीच शांतपणे घ्यायची, म्हणून दोन्हींची वेळ जुळवून घेतली.

एक गोष्ट दोन्हींत नाही, ती म्हणजे दात झिजवणं. लापशी असो वा भुकटी, त्याने पोट चालतं आणि वजन टिकतं, एवढंच. दाढा झिजतात त्या लांब, वाळलेलं गवत आडव्या जबड्याने दळताना. म्हणून भरवणं चालू असतानाही तिच्यासमोर मऊ गवत कायम असायचं. ढोबळी मिरची मी काडेपेटीतल्या काडीएवढ्या पातळ कापायचो, म्हणजे पुढच्या दातांनी तोडायचं काम उरत नाही. कोथिंबिरीच्या काड्याही तशाच, एकेक करून. पहिल्या आठवड्यात ती हे फक्त हुंगायची.

आणि इथेच पेलेट्सना त्यांचा मान द्यायला हवा. दाढा घासल्यानंतर दहा-बारा दिवसांनी मिरी स्वतःहून खाऊ पाहत होती, पण कोरडी पेलेट फोडायची ताकद जबड्यात नव्हती. तेव्हा पाण्याने नुसत्या फुगवलेल्या, न घोटलेल्या पेलेट्स बशीत ठेवल्या, आणि त्या तिने खाल्ल्या. सिरिंजशिवाय, स्वतःच्या वेळेला. भुकटीचा घट्ट गोळाही बशीत ठेवून पाहिला होता. त्याला तिने तोंड लावलं नाही. म्हणजे सिरिंजमध्ये भुकटी आणि बशीत पेलेट्स, अशी वाटणी आमच्याकडे आपोआप झाली. तरीही एकच निवडायची वेळ आली तर मी भुकटीच घेईन, कारण बशीपर्यंत पोचायच्या आधीचे दिवस जास्त कठीण असतात आणि ते सगळे सिरिंजवरच काढायचे असतात.

वजन मात्र रोज एकाच वेळी, सकाळच्या पहिल्या भरवणीआधी घ्या, आणि ग्रॅममध्ये दाखवणाऱ्या काट्यावर. मिरी 860वर पाच दिवस अडून होती, मग 868, 875. ती स्वतः खायला लागली तसतशी मी एकेक वेळ कमी करत गेलो, पण वजन घसरलं की ती वेळ परत चालू. दोनदा तसं करावं लागलं. डॉक्टरांनी सांगून ठेवलंय की दाढा पुन्हा वाढू शकतात, काही जणांच्या तर थोड्याच आठवड्यांत, म्हणून काटा अजून पिंजऱ्याशेजारीच आहे. भुकटीची उघडलेली पिशवी हवाबंद करून फ्रीजमध्ये ठेवली आहे.

सिरिंजा मात्र एकदम दहा-बारा घ्या. रोजच्या धुण्याने दट्ट्याचं रबर चिकट होतं, दट्ट्या झटके देत पुढे सरकतो, आणि मग कितीही बारीक भुकटी असली तरी तो एकदम सुटणारा घास परत येतो. माझ्या हिशोबाने एक सिरिंज तीन-चार दिवसांवर वापरू नये.