एकच गाणं: लग्नाच्या संध्याकाळी डिलनचं कोणतं प्रेमगीत गावं?

डिसेंबरात माझ्या भाचीचं लग्न आहे. कर्वेनगरला नदीच्या बाजूच्या एका लॉनवर संध्याकाळचा समारंभ, आणि त्यात नवरा-नवरीने मिळून एक गाणं म्हणायचं असं ठरलंय. तो गिटार वाजवतो, ती गाते. दोघांची ओळखच अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनच्या गाण्यांवरून झाली, त्यामुळे गाणं डिलनचंच हवं. "मावशी, एकच सांग. यादी देऊ नकोस," असं तिने मला बजावलं. पण ज्या एका मित्राबरोबर आणि मैत्रिणीबरोबर मी कॉलेजपासून ही गाणी ऐकत आले त्यांना न विचारता उत्तर देणं मला जमेना. मग वेताळ टेकडीवर लागोपाठ तीन रविवार आम्ही दुसरं काही बोललोच नाही.

खरी अडचण डिलनमध्येच आहे. हा माणूस 1941 चा, पहिला अल्बम 1962 चा, 2016 मध्ये साहित्याचं नोबेल. इतक्या वर्षांत त्याने प्रेमावर भरपूर लिहिलं, पण त्यातली बरीच गाणी निघून गेलेल्या माणसाबद्दल आहेत, किंवा स्वतःच दार ओढून निघालेल्या माणसाची आहेत. चाल ऐकून फसायला होतं. 'डोन्ट थिंक ट्वाइस, इट्स ऑल राइट' घ्या. गिटारच्या तारांवर बोटं इतकी हलकी फिरतात की अंगाईच वाटावी, आणि शब्द पाहिले तर पहाटे घर सोडून चाललेला माणूस जाता जाता टोचून बोलतोय. 1975 च्या 'ब्लड ऑन द ट्रॅक्स'मधलं 'यू आर गोना मेक मी लोनसम व्हेन यू गो' तर उड्या मारत येतं, पण नावातच निरोप आहे. ही दोन्ही गाणी मला फार प्रिय आहेत. लग्नात मात्र नकोत.

नावावरून फसवणारं आणखी एक म्हणजे 1974 च्या 'प्लॅनेट वेव्ह्ज'मधलं शेवटचं गाणं, 'वेडिंग साँग'. लग्नाला हेच, असं कुणालाही वाटेल. एकटा डिलन, गिटार आणि माउथ ऑर्गन. पण त्यात इतकी ताणलेली, घायकुतीला आलेली आर्जवं आहेत की ऐकताना छाती भरून येते आणि थोडी भीतीही वाटते. ते लिहिणाऱ्याचा संसार पुढे 1977 मध्ये मोडला, हे ठाऊक असलेल्या माणसाला तर ते ऐकवतच नाही. त्याच अल्बममधलं 'फॉरेव्हर यंग' त्याने आपल्या मुलाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं. तो आशीर्वाद आहे, प्रेमगीत नाही. माझ्या बहिणीने, म्हणजे नवरीच्या आईने म्हटलं तर शोभेल.

आता ज्यांच्यावर खरा वाद झाला ती गाणी.

भाचीच्या मनात आधीपासून 'मेक यू फील माय लव्ह' होतं. तिच्या पिढीला ते अडेलमुळे माहीत आहे. अडेलने ते 2008 मध्ये आपल्या पहिल्या अल्बममध्ये गायलं. डिलनचं स्वतःचं 1997 च्या 'टाइम आउट ऑफ माइंड'मधलं, आणि त्याच्याही थोडं आधी, त्याच वर्षी, बिली जोएलने ते बाजारात आणलं होतं. चाल अशी की इंग्रजीचा शब्द न कळणाऱ्या आजीलाही ती कळते. खालचे स्वर पायरी पायरीने उतरत जातात, आणि वरती आवाज शांत उभा राहतो. साडेतीन मिनिटांत संपतं. गायलाही अवघड नाही. सगळं जुळतंय.

मग माझा नकार का? त्या गाण्यातला माणूस अजून विचारतोय. पाऊस झोडपतोय, जग पाठीशी लागलंय, मी तुला जवळ घेईन, तुझ्यासाठी काय वाट्टेल ते सोसेन, पण तुझं अजून ठरलेलं नाही हे मला माहीत आहे, असं तो म्हणतो. हे मागणं आहे. ज्याला अजून होकार मिळालेला नाही त्याचं. मी भाचीला फोनवर ते एवढंच सांगितलं आणि पुन्हा ऐकायला लावलं. रात्री तिचा फोन आला. "मावशी, तो अजून विचारतोय गं. आमचं तर ठरलंय."

कुणाला अजून विचारायचं असेल, धीर होत नसेल, तर मात्र डिलनकडे ह्याच्याइतकं चांगलं गाणं नाही. आणि तसं असेल तर डिलनच्याच आवाजात ऐका. अडेलचा आवाज मोठा आणि भरलेला आहे, त्यात होकाराची खात्री आधीच ऐकू येते. डिलनचा तेव्हाचा पन्नाशी ओलांडलेला, घासलेला आवाज खरंच हातात काही नसलेल्या माणसाचा वाटतो.

टेकडीवरच्या मित्राचा हट्ट 'सॅड आइड लेडी ऑफ द लोलँड्स'चा. तो बँकेतून निवृत्त झालाय, पण ह्या गाण्याचं नाव काढलं की अजून वीस वर्षांचा होतो. 1966 च्या 'ब्लाँड ऑन ब्लाँड' ह्या दोन रेकॉर्डच्या अल्बमची चौथी बाजू पूर्ण ह्या एका गाण्याने भरली आहे. अकरा मिनिटांच्या वर. नॅशव्हिलच्या स्टुडिओत वादक तासन् तास बसून राहिले, डिलन शब्द लिहीत होता, आणि अपरात्री वाजवायला सुरुवात झाली तेव्हा हे किती लांबणार हे त्यांना माहीत नव्हतं. प्रत्येक कडव्याला त्यांना वाटे आता संपेल, म्हणून ते जोर वाढवत, आणि पुढचं कडवं सुरू होई. ते ताणून धरणं रेकॉर्डवर आजही ऐकू येतं. पुढे 1976 च्या 'डिझायर'मधल्या 'सारा' ह्या गाण्यात डिलनने म्हटलं की हे आपण न्यूयॉर्कच्या चेल्सी हॉटेलात बायकोसाठी लिहिलं. मग नॅशव्हिलमध्ये वादकांना ताटकळत ठेवून काय लिहीत होता? आम्ही ह्यावर एक आख्खा रविवार घालवला. माझं मत असं की सुरुवात हॉटेलात झाली असेल आणि शेवट स्टुडिओत. मित्राला ते मान्य नाही. त्याच्या मते गाण्यात जे सांगितलंय तेच खरं.

गाण्याचा झोका आपल्या दादऱ्यासारखा, सहा मात्रांचा, त्यामुळे आपल्या कानाला लगेच ओळखीचा वाटतो. पण ते एका स्त्रीची आराधना आहे, आणि म्हणणारा शेवटपर्यंत तिच्या फाटकाशीच उभा आहे, थांबू का म्हणून विचारत. शिवाय अकरा मिनिटं! जेवणाची पंगत खोळंबेल, हे मित्रालाही पटलं. "मग दोनच कडवी म्हणा," तो म्हणाला. नाही. हे गाणं कापलं की त्याच्यात काही उरत नाही, त्याची लांबी हाच त्याचा जीव आहे. रात्री दिवे मालवून दोघांनी ऐकायचं गाणं आहे ते.

'ले लेडी ले' सुद्धा दोघांचंच, चारचौघांतलं नाही. त्याच्यावर फार बोलायला नको. फक्त तो तबल्यासारखा ठेका काय आहे असं बरेच जण विचारतात म्हणून सांगते. ड्रमवाल्या केनी बट्रीने बाँगो आणि गायीच्या गळ्यातल्यासारखी घंटा वाजवली आहे, आणि ती दोन्ही वाद्यं त्याच्यासमोर धरून उभा होता क्रिस क्रिस्टॉफरसन, जो तेव्हा त्या स्टुडिओत झाडलोट करायचा आणि पुढे स्वतः मोठा गीतकार झाला.

माझं स्वतःचं गाणं विचाराल तर 'बूट्स ऑफ स्पॅनिश लेदर', 1964 चं. नऊ कडवी आणि एकच गिटार. पहिल्या सहा कडव्यांत सवाल-जवाब आहे: प्रेयसी जहाजाने परदेशी निघालीय आणि विचारतेय, तुला तिकडून काय पाठवू? मागे राहणारा म्हणतो, काही नको, तू तेवढी परत ये. ती पुन्हा विचारते, तो पुन्हा नको म्हणतो. मग जहाजावरून पत्र येतं, कधी परतेन सांगता येत नाही. आणि तेव्हा तो वस्तू मागतो: स्पेनच्या चामड्याचे बूट. एवढंच. रागाचा एक शब्द नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते बूट मागणं म्हणजे काय ते मला कळलंच नव्हतं. कळलं तेव्हा मी बसमध्ये होते आणि डेक्कनचा थांबा निघून गेला. डिलनची तेव्हाची मैत्रीण सूझ रोटोलो 1962 मध्ये कित्येक महिन्यांसाठी इटलीला गेली होती, त्या ताटातुटीचा हा झरा.

ह्याच चालीची थोरली बहीण म्हणजे 1963 चं 'गर्ल फ्रॉम द नॉर्थ कंट्री'. लंडनला मार्टिन कार्थीकडून डिलनने 'स्कारबरो फेअर' हे जुनं लोकगीत ऐकलं आणि त्यातून हे निघालं. आपल्याकडे ओवीची चाल घराघरांत फिरते आणि प्रत्येक बाई तिच्यात आपलं दुःख घालते, तसंच हे. उत्तरेच्या थंडीत ती मुलगी भेटली तर तिच्या अंगावर जाड कोट आहे का तेवढं बघ, असं तो वाटसरूला सांगतो. 1969 मध्ये जॉनी कॅशबरोबर त्याने ते पुन्हा गायलं. दोघांचे सूर नीट जुळत नाहीत आणि तरी ते ऐकत राहावंसं वाटतं. कुणाला जुन्या माणसाची आठवण काढायची असेल, मनात कडवटपणा न ठेवता, त्याने हे निवडावं. 'बूट्स' त्याने निवडावं ज्याची जखम अजून ओली आहे. लग्नाच्या मांडवात मी दोन्ही येऊ देणार नाही.

राहिली दोन.

मैत्रीण गणित शिकवते, तिचं गाणं 'लव्ह मायनस झीरो/नो लिमिट', 1965 चं. नाव अपूर्णांकासारखं आहे: वर प्रेम वजा शून्य, खाली अमर्याद. वजा शून्य म्हणजे काहीच कमी केलं नाही, आणि छेदात सीमा नसणं. मैत्रीण हे वर्गात फळ्यावर लिहून दाखवते. त्यातली स्त्री मला डिलनच्या सगळ्या गाण्यांतली सर्वांत मोठी वाटते. ती जवळजवळ बोलतच नाही. बाकीचे गुलाब घेऊन फिरतात, घटकेघटकेला वचनं देतात, तिला त्याची गरज नाही. शेवटी ती खिडकीशी आलेल्या पंख मोडलेल्या डोमकावळ्यासारखी आहे, असं म्हणून गाणं थांबतं. इतका वेळ जिला काहीच लागत नव्हतं तिचा पंख मोडलाय हे तिथे कळतं. तीन मिनिटंसुद्धा होत नाहीत.

गायला सोपं, चाल गोड, प्रेम शाबूत. मी जवळजवळ ह्याच्यावरच थांबले होते. पण हे गाणं एकट्याचं आहे. तो तिच्याबद्दल सांगतो, तिच्याशी बोलत नाही. दोघांनी म्हणायचं तर दुसऱ्याने काय म्हणायचं?

आपल्या घरांतल्या समारंभात कुणीतरी 'शुक्रतारा, मंद वारा' म्हणतं ना, तेव्हा हा प्रश्न येत नाही. पाडगावकरांचे शब्द, खळ्यांची चाल, अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा: दोघंही तिथेच, एकाच चांदण्यात. मला डिलनमध्ये तसंच काही हवं होतं, आणि ते 'इफ नॉट फॉर यू'मध्ये मिळालं. 1970 च्या 'न्यू मॉर्निंग'चं पहिलंच गाणं. चाहते त्याला हलकं म्हणतात. मित्रही म्हणाला, "अगं, ह्यात आहे काय? तू नसतीस तर दार सापडलं नसतं, जमीन दिसली नसती. हे काय काव्य झालं?"

मला तेच काव्य वाटतं. दार, जमीन, सकाळची वाट बघणं, हिवाळ्यानंतर वसंत येणं. रोज एका छपराखाली राहणाऱ्या माणसाचं हे बोलणं आहे. तो मागत नाही, आठवत नाही, पूजाही करत नाही. समोरच्याला 'तू' म्हणून नुसतं सांगतो. कोणत्याही ओळीत 'तो' किंवा 'ती' नाही, त्यामुळे कडवी वाटून घेता येतात आणि दोघांच्याही तोंडी ती खरी ठरतात.

कोणाचं ऐकून बसवायचं, हाही प्रश्न आहे. जॉर्ज हॅरिसनने ते त्याच वर्षी 'ऑल थिंग्ज मस्ट पास'मध्ये घेतलं, ते जास्त संथ आणि हळवं आहे. डिलनचं पावणेतीन मिनिटांच्या आत, टुणटुणीत, घाईत कामाला निघालेल्या माणसासारखं. 1 ऑगस्ट 1971 ला रविशंकरांच्या पुढाकाराने न्यूयॉर्कला बांगलादेशासाठी जो कार्यक्रम झाला, त्याच्या तालमीत दोघं एका माइकपाशी हेच गाताना चित्रित झालेत. प्रत्यक्ष कार्यक्रमात मात्र ते आलं नाही. ती चित्रफीत मी भाचीला पाठवली, कारण तिच्यातली लय दोन्ही रेकॉर्डच्या मधली आहे आणि दोन आवाज एकमेकांना कसे जागा देतात ते दिसतं.

मैत्रीण तयार झाली, एका अटीवर: लग्नाच्या आदल्या रात्री गच्चीवर फक्त घरची माणसं असतील तेव्हा नवऱ्या मुलाने 'लव्ह मायनस झीरो' म्हणायचं. मित्र अजून पूर्ण राजी नाही, पण माउथ ऑर्गन तोच वाजवणार आहे. पहिली तालीम झाली. भाचीला मूळ पट्टी खाली पडते, म्हणून दोन स्वर वर घेतलंय. मधल्या भागात चाल वळते तिथे जावईबापू अजून अडखळतात. रविवारी सकाळी पुन्हा बसणार आहोत.