नवा स्टिरिओ लावला आणि वूफरच बसला : आठ महिन्यांचा अनुभव

फेब्रुवारीत गाडीत ९ इंची अँड्रॉइड स्टिरिओ टाकला. गाडी वॅगन-आर, डिकीत १० इंची वूफरचा (खालचा, जाड आवाज देणाऱ्या स्पीकरचा) डबा आणि त्याला ताकद देणारा ३०० वॉटचा मोनो अँप (अँप्लिफायर) आधीपासूनच होता, जुन्या स्टिरिओवर चार वर्षं मस्त वाजत होता. कुर्ल्याला सीएसटी रोडवर बसवून घेतला, दोन तासांत काम झालं, पैसे दिले, आणि बीकेसीच्या सिग्नलला पोचेपर्यंत लक्षात आलं की धमक गायब आहे. कोळीगीतातला बेंजो एकदम खणखणीत, पण खालचा ढोल म्हणजे शेजारच्या सोसायटीत कुणाची तरी हळद चाललीय आणि आपण खिडकी लावून ऐकतोय असं.

तसाच मागे वळलो. दुकानवाल्याने इक्वलायझरमधला बास फुल केला, दरवाजातले स्पीकर फडफडायला लागले, आणि वर म्हणतो, "साब, अब देखो." काय देखो! मग म्हणे वूफर जुना झालाय, नवा टाका. सकाळपर्यंत भिंती हलवणारा वूफर दुपारी म्हातारा कसा होईल राव? पण तेव्हा काही बोलता आलं नाही, कारण मलाही कारण माहीत नव्हतं.

पुढचे दोन रविवार सोसायटीच्या पार्किंगमध्ये गेले. लॅमिंग्टन रोडवरून एक साधा मल्टिमीटर आणला, आणि खरं सांगतो, या सगळ्यात सगळ्यात कामाची खरेदी तीच. वूफरच्या वायरी अँपवरून काढल्या, पेनड्राइव्हवर ५० हर्ट्झचा टेस्ट टोन (एकसारखा खालचा सूर) टाकला, इक्वलायझर सपाट, आवाज ४० पैकी ३० वर, आणि मीटर एसी व्होल्टला लावून अँपचं आउटपुट मोजलं. माझा वूफर ४ ओहम, २५० वॉट आरएमएस (म्हणजे सतत पेलू शकेल एवढी ताकद). वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ म्हणजे व्होल्ट. २५० गुणिले ४ म्हणजे १०००, त्याचं वर्गमूळ साधारण ३१.६, म्हणजे मीटरवर ३१ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं. दिसले ९. नऊ नव्वे एक्याऐंशी, भागिले ४, म्हणजे वूफरला जेमतेम २० वॉट जात होते. बिचारा वाजणार कशाने?

अँपचा गेन (आत आलेला सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारं बटण) वाढवायचा मोह झाला होता, बरं झालं हात लावला नाही, कारण गडबड त्याच्या आधीच होती. डॅश उघडून बघितलं तर स्टिरिओतून अँपला सिग्नल नेणारी आरसीए केबल 'रिअर', म्हणजे मागच्या स्पीकरसाठीच्या पिनांत. जुन्या स्टिरिओला मागे फक्त रिअरच आउट होतं, त्यामुळे पठ्ठ्याने जिथलं काढलं तिथेच लावलं, त्याचंही अगदीच चुकलं म्हणता येत नाही. पण नव्या स्टिरिओत रिअरला हाय पास फिल्टर १०० हर्ट्झवर आधीच चालू होता. म्हणजे स्टिरिओ १०० च्या खालचं कापून पाठवतोय आणि अँपवरचा लो पास ८० च्या वरचं कापतोय. वरून एकाने कापलं, खालून दुसऱ्याने, मधे राहिला चोथा.

केबल सब-आउटला, म्हणजे खास वूफरसाठीच्या आउटपुटला लावली. तिथे पिन एकच, अँपला इनपुट दोन, एकाच इनपुटला दिलं तर मीटरवर १५. शंभरेक रुपयांची वाय केबल (एकाची दोन टोकं करणारी) लावून दोन्ही इनपुट भरले तर सरळ २९, मग गेन केसभर फिरवून ३१ वर थांबलो.

तरी ड्रायव्हर सीटवर ठोका पोकळच येत होता, आणि गंमत म्हणजे डिकी उघडून मागे उभं राहिलं की दणका. हे फेजचं. दरवाजातले स्पीकर हवा पुढे ढकलतात त्याच वेळी वूफर मागे ओढत असेल तर सीटवर दोघं एकमेकांना खातात. सेटिंगमध्ये फेज ० वरून १८० केला आणि छातीत ठोका बसला. फुकटातलं काम आहे, कुठल्याही खर्चाआधी हे करून बघा.

मित्राच्या गाडीत वेगळंच होतं, त्याचा वूफर फक्त रेडिओ चालू असतानाच वाजायचा! अँपची रिमोट वायर (स्टिरिओ चालू झाला की अँपला जागं करणारी) निळ्या-पांढऱ्या वायरीला जोडायची ती नुसत्या निळ्या, म्हणजे अँटेनाच्या वायरीला जोडलेली, आणि तिच्यात करंट फक्त रेडिओ लावला की येतो.

मार्च ते जुलै काही तक्रार नाही. ऑगस्टमध्ये, गणपतीला गावी जायच्या आधी, आवाज वाढवला की अँप मधेच दम टाकायला लागला. इंजिन चालू, बॅटरीवर १४.१ व्होल्ट, पण अँपच्या टर्मिनलवर ठोक्यागणिक १०.८ पर्यंत खाली. अर्थिंगची वायर मागच्या सीटखाली बोल्टला, तीही रंगावरच कसलेली, आणि पावसाळ्याच्या दमट हवेने तिथे छान लाल गंज धरलेला. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, वायरीच्या टोकाला नवा थिंबल (बोल्टात बसणारं कडं) लावला, वरून पेट्रोलियम जेली फासली. आता १३.५ च्या खाली जात नाही. फक्त सीटबेल्टच्या बोल्टला अर्थिंग देऊ नका, तो जीव वाचवायला आहे.

स्टिरिओबद्दल म्हणाल तर ठीक. चालू व्हायला वेळ घेतो, मे महिन्यात उन्हात उभी गाडी काढली की स्क्रीन अडखळते, दुपारी मॅप नीट दिसत नाही. रिव्हर्स कॅमेरा मात्र झकास, आमच्या पार्किंगच्या खांबांपासून दोनदा वाचलोय. आवाज स्वच्छ आहे, आणि सब लेव्हल स्क्रीनवरूनच कमी करता येते, सौ. शेजारी असल्या की तेवढं लागतंच.

गणपतीला डिकीत सामान ठासून भरलं, वूफरसमोर तांदळाची गोणी, तरी पनवेल सोडल्यावर ढोल-ताशा लावला तर आरसा थरथरत होता. आता मागची नंबरप्लेट कडकड वाजते, तिच्यामागे फोमची पट्टी चिकटवायची राहिलीय.