प्रवासाचा खाऊ: प्रोटीन बार की शेंगदाणे-फुटाणे?

स्वारगेटहून एसटीने लांबच्या प्रवासाला निघताना सोबत प्रोटीन बार घ्यावा की भाजलेले शेंगदाणे आणि फुटाणे, या प्रश्नात माझा कौल बहुतेक वेळा दुसऱ्या पर्यायाला असतो. 100 ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे 25 ग्रॅम, तर फुटाण्यांत सुमारे 20 ग्रॅम प्रथिने असतात. मार्केट यार्डाच्या भुसार विभागातून किंवा पेठेतल्या वाण्याकडून ते सुटे आणले, तर एका बारच्या किमतीत अनेक दिवसांचा खाऊ होतो.

बारचा फायदा एवढाच, की तो खिशात मावतो आणि प्रथिनांचे प्रमाण वेष्टनावर छापलेले असते. मात्र घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे बंधनकारक असल्यामुळे, पहिल्या दोन-तीन नावांत साखर किंवा ग्लुकोज सिरप दिसले तर तो बार मी परत फळीवर ठेवते, मग पुढच्या बाजूला आरोग्याचे आश्वासन कितीही मोठ्या अक्षरांत असो.

शेंगदाण्यांत उष्मांक भरपूर असतात, 100 ग्रॅमला 550 किलोकॅलरींहून अधिक, म्हणून मूठभराच्या पुड्या घरीच बांधून घ्याव्यात. खवट किंवा बुरशी आलेले दाणे मात्र टाकूनच द्यावेत, कारण बुरशीमुळे त्यांत अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकते.