निलगिरीच्या खांबांचं घर, साडेसहा महिने राहून झाल्यावर

बरेच जण विचारतात की लाकडी खांबांवरचं घर खरंच राहण्यासारखं असतं का, की नुसतं फोटोपुरतं. अक्षय्य तृतीयेला आम्ही राहायला आलो, आता दिवाळी होऊन गेली, म्हणजे उन्हाळ्याचं शेपूट आणि अख्खा पावसाळा बघून झालाय, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. आधीच सांगते, सांगाडा झकास आहे. नडली ती आमची घाई.

जागा नाशिकजवळच्या गिरणाऱ्याच्या थोडी पुढे, सासऱ्यांची. मी नाशकात ऑफिसला, नवरा सातपूरला मेंटेनन्सला, म्हणून काम शनिवार-रविवार आणि त्याची साठवलेली सगळी रजा असं चाललं. घर ३० बाय २०, दर १० फुटाला एक असे १२ खांब, प्रत्येक खांब ४ फूट जमिनीत. घराचं सगळं वजन खांबांवर, भिंती नुसत्या आडोशाला. ह्यात नवीन काही नाही, पेठ-हरसूलकडे पाड्यांवरची जुनी घरं बघा, मेढी (वर बेचकं असलेले खांब) पुरायच्या, वर आढं आणि वासे, कुडाला (भिंतीला) कारवीच्या काठ्या आणि त्यावर शेणमातीचं लिंपण. आम्ही मेढीच्या जागी सरळ खांब आणले आणि दोराच्या जागी बोल्ट, एवढाच फरक.

आखणी करताना पहिल्याच दिवशी भांडण झालं. ६-८-१० चा गुण्या (६, ८ आणि १० फूट बाजूंचा काटकोन त्रिकोण) लावून चारही कोपरे बरोबर आले असं ह्याचं म्हणणं, मी म्हटलं कर्ण मोज. ३० बाय २० ला कर्ण ३६ फूट आणि वर जेमतेम पाऊण इंच यायला पाहिजे, आणि दोन कर्णांत ४ इंचांचा फरक निघाला. दोन खड्डे बुजवून परत खणले. वर अर्धा-पाऊण फूट काळी माती आणि खाली मुरूम, तो मुरूम खणताना हाताला जे फोड आले त्याबद्दल आजही मला ऐकवतो.

आता लाकूड. साग परवडणारा नव्हता आणि त्याच्या तोडणी-वाहतुकीच्या परवान्याची भानगड नको होती, म्हणून निलगिरी. ६-७ इंच जाडीचे सरळसोट खांब मिळाले, दिवाळीनंतर तोडलेले, अगदी ओले. पेठकडचे एक म्हातारे सुतारबाबा आमच्याबरोबर काम करायचे, ते म्हणाले, "ताई, सावलीत रचून ठेवा, एक पावसाळा जाऊ द्या, मग उभे करा." आम्हाला कुठला धीर. डिसेंबरात उभे केले पण.

निलगिरी वाळताना जबर आकसते, फाटते आणि पीळ घेते, हे तेव्हा वाचलं होतं पण अंगाला लागलं नव्हतं. मे महिन्यात रात्री छपराचा पत्रा थंड झाला की खांबातून फाट्कन आवाज यायचा. पहिल्या रात्री सासूबाई उठून बसल्या, वर कोणीतरी चालतंय म्हणाल्या. उभ्या भेगा पडतात त्या दिसायला वाईट, काही ठिकाणी अख्खी करंगळी जाते, पण उभ्या भेगेने खांबाच्या ताकदीला तसा मोठा धक्का लागत नाही, आडवी भेग दिसली तर मात्र घाबरा. आमचा खरा त्रास पिळाचा. बेडरूमच्या दाराची चौकट सरळ खांबालाच ठोकली होती, खांब फिरला तशी चौकट फिरली आणि दार अडकलं, मग नवऱ्याने रंधा मारून दार सैल केलं, पावसाळ्यात फुगून ते परत गच्च, आणि आता वर बोटभर फट राहिलीय ज्यातून रोज एक पाल ये-जा करते. चौकट खांबापासून वेगळी, अंतर ठेवून लावा, एवढं ऐकाच.

बोल्टचंही तेच. तुळया खांबांना १६ एमएमच्या थ्रेडेड रॉडने आरपार जोडल्यात. लाकूड आकसलं की नट ढिले. मे मध्ये आवळले तेव्हा काही नट पूर्ण दीड फेरा फिरले, परवा दिवाळीच्या सुट्टीत पाऊण फेरा. दुकानातले छोटे वॉशर लाकडात घुसून बसले होते, मग भंगारातून पट्टी आणून २ इंची चौरस वॉशर कापून घेतले. नटापर्यंत पाना पोचेल एवढी जागा ठेवा, आमचे दोन नट किचनच्या माळ्यामागे गेलेत, ते राम भरोसे.

तिरके टेकू नंतर लावू म्हणून ठेवले होते. पत्रे चढवायच्या आधी नवऱ्याने एका खांबाला नुसता हात लावून ढकललं तर वरचं सगळं हलताना दिसलं. दुसऱ्याच दिवशी टेकू. त्यानंतर मेच्या शेवटी वळवाचा पाऊस आला तेव्हा शेजारच्या मळ्यातली टोमॅटोची बांबू-तार आडवी झाली, आमचं घर कुरकुरलं पण जागचं हललं नाही.

कीड आणि कूज ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आम्ही एकत्र धरल्या. वरच्या लाकडाला आणि बांबूला बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं पाणी दिलं, तिथे अजून एकही भुंग्याचं भोक नाही. पण ते औषध पाण्याबरोबर धुऊन जातं, जमिनीतल्या भागाला त्याचा काही उपयोग नाही. तिथे आम्ही बुडखे भाजून डांबर फासलं, खाली काँक्रीटची चकती आणि भोवती खडी-मुरूम धुमसून भरला. ७ नंबरच्या खांबाला मात्र गवंड्याच्या आग्रहाखातर चारही बाजूंनी काँक्रीट ओतलं. सुतारबाबा नको म्हणत होते. खांब वाळून आकसला, काँक्रीट आणि लाकडात फट पडली, पावसाळाभर पाणी त्यात वाटीसारखं साचून राहिलं. ऑक्टोबरात पेचकस टोचून बघितला तर जमिनीलगत पाव इंच सहज आत गेला आणि टोकाला काळपट ओला भुसा आला. बाकी ११ खांब टणक आहेत, पण परत बांधलं तर मी पैसे घालून प्रेशर-ट्रीटमेंट केलेले, म्हणजे दाबाने औषध आत मुरवलेले खांब घेईन. फक्त त्यांचे तुकडे चुलीत घालू नका, त्या औषधात आर्सेनिक असू शकतं. वाळवीसाठी दर महिन्याला टॉर्च घेऊन सगळे बुडखे बघायचे, मातीची नळी दिसली की मोडायची आणि औषध मारायचं.

भिंती खाली ३ फूट विटा, वर बांबूच्या चटया आणि शेणमाती. आतून अप्रतिम, बाहेरून पश्चिमेची भिंत जुलैत धुऊन निघाली कारण छप्पर फक्त २ फूट बाहेर काढलंय. इकडे पाऊस शहरापेक्षा जास्त, निदान साडेतीन फूट पाहिजे होतं. सध्या पडवी काढायचा विचार आहे. पत्र्याचं म्हणाल तर मुसळधार पावसात फोनवर बोलता येत नाही, आणि दुपारी खाली चटई असूनही तापतो.

बँकेत कर्जाचं विचारलं होतं, त्यांच्या फॉर्मात असलं घर बसलंच नाही, म्हणून सगळं पगारातून. त्यामुळे ७ नंबरही आम्हालाच बदलायचाय. शेजारी दोन टेकू देऊन तुळई उचलायची, काँक्रीट फोडायचं आणि ह्या वेळी सावलीत वाळत ठेवलेला खांब घालायचा. जॅक गॅरेजवाला द्यायला तयार आहे, फक्त रविवारी देत नाही, आणि आम्हाला मोकळा रविवारच.