एपिंग फॉरेस्ट: लंडनला जाणाऱ्या सोलापूरकरांनी एक दिवस राखून ठेवावा असं जंगल

हल्ली सोलापुरातून बरेच आईवडील मुलांकडे लंडनला जातात. त्यांच्या यादीत राजवाडा आणि नदीवरचा पूल असतो, एपिंग फॉरेस्ट सहसा नसतं. ते जरूर घाला. सुमारे २,४०० हेक्टरचं हे जंगल लंडनच्या ईशान्येला आहे आणि प्रवेश फुकट आहे. फक्त काय बघायचं हे ठरवून जायला हवं.

बघायची ती झाडांची डोकी. हॉर्नबीम, बीच आणि ओकची जुनी खोडं दोन-तीन मीटरवर एकदम फुगतात आणि तिथून जाडजूड फांद्यांचा झुबका वर निघतो. आपल्याकडे शेळ्यांसाठी बाभळीचे डहाळे तोडतात, तशी इथे सरपण आणि कोळशासाठी छाटणी व्हायची, दर दहा-पंधरा वर्षांनी. छाट मुद्दाम उंचावर, म्हणजे नव्या फुटव्यांना गुरं-हरणं तोंड लावत नाहीत. हा गावकऱ्यांचा पिढीजात हक्क होता. जमीनदार कुंपणं घालू लागले तेव्हा लोक भांडले, १८७८ साली कायदा झाला आणि जंगल वाचलं. पण त्याच कायद्याने फांद्या तोडायचा हक्क गेला. लाउटन गावाला भरपाईतून लॉपिंग हॉल (लॉपिंग म्हणजे फांद्यांची छाटणी) नावाचं सभागृह मिळालं, ते आजही उभं आहे.

छाटणी थांबल्याचे परिणाम झाडांवर स्पष्ट दिसतात. फांद्या खोडाएवढ्या जाड झाल्या, वजनाने खोडं उभी चिरतात, आणि बीचच्या दाट सावलीत खाली काहीच उगवत नाही. म्हातारं बीच एकदम छाटलं तर मरू शकतं, म्हणून आता ते टप्प्याटप्प्याने हलकं करावं लागतं. वाऱ्याच्या दिवशी अशा झाडाखाली डबा उघडून बसू नका.

जायला सोपं. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनहून जंगलाच्या कडेच्या चिंगफर्डची गाडी, साधारण अर्धा तास. स्टेशनात बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड टेकवून आत जाता येतं, पण माणशी वेगळं कार्ड लागतं. एकावर दोघं जात नाहीत. स्टेशनपासून दहा मिनिटांवर राजा आठव्या हेन्रीने १५४३ मध्ये बांधून घेतलेलं लाकडी शिकारघर आहे. वरून शिकार दिसावी म्हणून वरचे मजले तेव्हा उघडे होते, भिंती नंतर आल्या. उघडण्याच्या वेळा आधी बघून जा. चालायची ताकद असेल तर भुयारी रेल्वेच्या सेंट्रल लाइनने लाउटनला उतरून लाउटन कॅम्पचे लोहयुगातले मातीचे तट गाठा. छाटलेली बीच तिथे सर्वांत देखणी आहेत.

ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा हा खरा हंगाम, बीच तांबूस होतात. मात्र ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून सकाळीच निघा. फाट्यांवर चकवा बसतो. नकाशा मोबाईलवर उतरवून ठेवा किंवा ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर १७४ हा छापील नकाशा घ्या.

जमीन चिकणमातीची, पावसानंतर चिखल बुटाला धरून बसतो. घोट्यापर्यंतचे बूट हवेत. बसायला प्लास्टिक न्या, सोलापुरी चादर ओल शोषते. नेचाच्या झुडपांतून गोचीड चढते आणि तिच्यामुळे लाइम नावाचा आजार होऊ शकतो. पँट मोज्यात खोचा, घरी आल्यावर गुडघ्यामागे आणि काखेत तपासा. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. लांब शिंगांच्या गायी मोकळ्या चरतात, गळ्यात जीपीएसचा पट्टा असतो. वासरू असेल तर लांबून जा. अळंबी तोडायला बंदी आहे.

शिकारघराशेजारी कॅफे आहे, पण दिवसभराला कडक भाकरी आणि शेंगा चटणी उत्तम. भाकरी घट्ट झाकणाच्या डब्यात न्या, तिथल्या दमट हवेत ती लगेच सादळते.

गुडघे दुखत असतील तर लाउटनचा चढ सोडा आणि चिंगफर्डजवळच्या कॉनॉट वॉटर तळ्याला फेरी मारा. तिथली वाट सपाट आहे, व्हीलचेअरही जाते.