गोळी, थेंब, पट्टा की औषधाची अंघोळ? हट्टी गोचिडी-पिसवांसाठी काय निवडावं

एप्रिलमधली रात्र. पाणी प्यायला उठले आणि स्वयंपाकघरातला दिवा लावला, तर बटणाच्या वीतभर वर वाटाण्याएवढी राखाडी गोचीड सावकाश भिंत चढत होती. आमच्या कुत्र्याला, टिपूला, दोनच दिवसांपूर्वी औषधाच्या पाण्याने अंघोळ घातली होती. कान, बोटांच्या बेचक्या, शेपटीखाली सगळीकडे चाचपून पाहिलं, अंगावर एकही नव्हती. सकाळी दाराच्या चौकटीमागच्या भेगेत बॅटरी मारली तेव्हा खसखशीसारख्या तपकिरी अंड्यांचा पुंजका दिसला.

आपल्याकडे कुत्र्यांवर बहुतेक वेळा सापडते ती तपकिरी गोचीड. ती सगळं आयुष्य घरातच काढू शकते. अंड्यातून निघाल्यावर, मधल्या वयात आणि मोठी झाल्यावर अशी तीनदा ती रक्त प्यायला अंगावर चढते आणि दर वेळी पोट भरलं की गळून पडते. टम्म फुगलेली मादी एखाद्या फटीत शिरून हजारो अंडी घालते. मोठी गोचीड उपाशीपोटी कित्येक महिने दबा धरून बसू शकते. पिसवांचंही तेच. एक मादी दिवसाला 40-50 अंडी घालते, ती केसांतून घरंगळून गादीत, सतरंजीत पडतात. अंगावर दिसतात त्या मोठ्या पिसवा म्हणजे एकूण पसाऱ्यातला जेमतेम 5 टक्के भाग. बाकी अंडी, अळ्या आणि कोश असतात, आणि कोशातल्या पिसवेपर्यंत फवारा नीट पोचत नाही.

म्हणून कुठलाही उपाय घेताना मी एकच विचारते: पुढचे तीन महिने जी जी अंगावर चढेल ती अंडी घालण्याआधी मरेल का?

या कसोटीवर औषधाची अंघोळ सगळ्यात मागे पडते. अमिट्राझ या गोचीड मारणाऱ्या औषधाचं पाणी स्वस्त आहे आणि अंगावर शंभर गोचिडी असताना एका दिवसात मोठा फरक दिसतो. पण त्याचा असर फार टिकत नाही. प्रमाण डॉक्टरांकडूनच घ्यावं लागतं, हातमोजे घालावे लागतात, पाणी अंगावरच वाळू द्यावं लागतं आणि तोवर कुत्र्याला चाटू द्यायचं नाही. लहान पिल्लं, मधुमेही कुत्री आणि मांजरं यांना हे लावूच नये. गुरांसाठीचं डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन अंदाजाने बादलीत ओतून कुत्र्याला चोळणारे लोक मी पाहिलेत. थोडे पैसे वाचतात, पण थरथर आणि फेस सुरू झाला की रात्री दवाखाना शोधत धावावं लागतं. शॅम्पू आणि पावडर यांचा जोर तर एखाददोन दिवसांचाच.

मानेवर टाकायचे थेंब बरेच बरे. फिप्रोनिल त्वचेच्या तेलाबरोबर अंगभर पसरतं, तेलग्रंथींत साठतं आणि साधारण महिनाभर काम करतं. पण टाकायच्या दोन दिवस आधी आणि नंतर दोन दिवस अंघोळ नको. केस बाजूला करून थेंब कातडीवरच पडायला हवेत. केसांवर पडले तर औषध वाया जातं. दर रविवारी शॅम्पू होत असेल किंवा कुत्रं नदीत डुंबत असेल, तर महिना पुरा होण्याआधीच असर ओसरतो. मांजरांसाठी फिप्रोनिलच्या वेगळ्या नळ्या मिळतात आणि मांजराच्या पिसवांसाठी ती चांगली सोय आहे. घरात ससा असेल तर त्याला मात्र फिप्रोनिल चालत नाही.

आता एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते. कुत्र्यांच्या काही थेंबांत परमेथ्रिन असतं. मांजराचं यकृत ते नीट पचवू शकत नाही. कुत्र्यासाठीच्या नळीतले चार थेंब ‘थोडेसेच’ म्हणून मांजराला लावले तर झटके येऊन ते दगावू शकतं. औषध ओलं असताना कुत्र्याला बिलगून झोपलं, तरीही धोका आहे. घरात दोन्ही प्राणी असतील तर खोक्यावरचं नाव सोडा, आतल्या घटकांची यादी वाचा. आमच्याकडे मनी आहे, म्हणून परमेथ्रिन घरात येतच नाही.

पट्ट्यांत दोन जाती आहेत. नुसत्या वासाच्या स्वस्त पट्ट्यांवर पैसे घालवू नका. इमिडाक्लोप्रिड आणि फ्लुमेथ्रिनचा सेरेस्टोसारखा पट्टा पिसवा-गोचिडींवर सात-आठ महिने चालतो आणि चावण्याआधीच बऱ्याच गोचिडींना दूर ठेवतो. हा गुण गोळीत नाही. पट्टा आणि मान यांमध्ये दोन बोटं मावतील एवढाच सैल ठेवायचा, कारण लोंबत राहिला तर औषध कातडीवर उतरत नाही. शेतावरचं, वाडीतलं, दर महिन्याला गोळी खाऊ न शकणारं कुत्रं असेल तर मी पट्टाच सुचवेन. घरात रांगतं बाळ कुत्र्याच्या गळ्यात पडत असेल तर नाही. मांजराचा पट्टा वेगळा असतो, कुत्र्याचा कापून घालू नका.

मग चघळायची गोळी. अफॉक्सोलॅनर (नेक्सगार्ड) आणि सॅरोलॅनर (सिम्पारिका) महिन्यातून एकदा, फ्लुरालॅनर (ब्रॅव्हेक्टो) साधारण 12 आठवड्यांनी, जेवणाबरोबर. औषध रक्तात असतं, त्यामुळे अंघोळ, पाऊस, पोहणं कशानेही फरक पडत नाही आणि मांजराने कुत्र्याला चाटलं तरी चिंता नाही. भिंतीतून येणारी प्रत्येक गोचीड चावते आणि अंडी घालण्याइतकी फुगायच्या आत मरते. म्हणून मुरलेल्या त्रासावर मी गोळीलाच पहिला मान देते. किंमत ऐकून पोटात गोळा येतो हे खरं, पण चार महिन्यांच्या शॅम्पू-पावडरीची बेरीज करून पाहा.

दोन गोष्टी मात्र आधी बघा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2018 मध्ये या गोळ्यांच्या गटातल्या औषधांमुळे काही प्राण्यांना थरथर, तोल जाणं, झटके असा त्रास होऊ शकतो अशी सूचना दिली. कुत्र्याला कधीही फिट आली असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगा. दुसरं वजन. 10 किलोच्या वर आणि खाली पाकिटं वेगळी असतात, म्हणून अंदाज नको. टिपूला उचलून काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं.

गोचीड चावल्यावरच मरत असल्याने गोळीमुळे टिक फीवर, म्हणजे गोचिडीच्या चाव्यातून होणारा ताप, पूर्ण टळत नाही. हा ताप आणणारे एर्लिकियाचे जंतू काही तासांतच रक्तात जाऊ शकतात. ताप, पांढुरक्या हिरड्या, नाकातून रक्त, कॉफीच्या रंगाची लघवी यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासा. (दोडामार्ग-सत्तरीकडचा माकडताप वेगळ्या, जंगलातल्या गोचिडींमुळे होतो. त्याचा दोष घरच्या कुत्र्याला देऊ नका.)

आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन अजून बऱ्याच ठिकाणी मागितलं जातं. गोचिडींवर त्याचा भरवसा कमी, आणि कोली जातीच्या कुत्र्यांना ते जिवावर बेतू शकतं. कडुलिंबाच्या तेलाने गोचिडी थोड्या दूर राहतात, मुळापासून जात नाहीत. लसूण खाऊ घालणं, रॉकेल चोळणं, मांजराला टी ट्री तेल लावणं हे सरळ विष आहे. गोचीड काढताना काडी लावून चटका देऊ नका. चिमट्याने कातडीलगत धरा आणि सरळ ओढा. नखाने चिरडू नका.

पिसू आहे की नुसती खाज, हे ओळखायला बारीक दातांचा कंगवा फिरवून पडलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवा. लालसर डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. पिसवा असतील तर जंतांचं औषधही विचारा, कारण पिसू गिळल्याने पट्टकृमी होतो.

काहीही निवडलं तरी घराकडे बघावंच लागतं. आम्ही चौकटीच्या फटी पुट्टीने बुजवल्या, अंथरुणं दर आठवड्याला कडक गरम पाण्यात धुतली, सोफ्याखाली रोज व्हॅक्यूम फिरवला. त्याच्या हादऱ्याने कोशातल्या पिसवा बाहेर पडतात आणि औषधाच्या तावडीत सापडतात. फवारणी झाली त्या दिवशी दोन्ही प्राणी बहिणीकडे होते, फरशी पूर्ण वाळल्यावरच आणले.

गोळी दिल्यावर पहिल्या आठवड्यात भिंतीवर अकरा गोचिडी सापडल्या आणि मला वाटलं औषध फुकट गेलं. डॉक्टर म्हणाले, ‘या आधीच्या आहेत, मोजत राहा.’ कॅलेंडरवर आकडे लिहीत गेले. चौथ्या आठवड्यात चार, त्याही चपट्या, उपाशी. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात चौकटीपाशी एक वाळकी सापडली. त्यानंतरचे रकाने रिकामे आहेत, तिसरी गोळी ठरल्या तारखेलाच दिली.