आफ्रिका शिकवताना: भिंतीवरचा नकाशा की चाड सरोवर?

एका शिक्षक मैत्रिणीने विचारलं: आफ्रिकेला तासिका तीनच, अख्खा नकाशा घेऊ की एकच प्रदेश, म्हणजे सहाराच्या दक्षिणेचं चाड सरोवर?

वेळेत नकाशा सरस. एका तासिकेत सहारा, नाईल, काँगो जागच्या जागी बसतात. चाडला तिन्ही तासिका लागतात. खर्च दोन्हीकडे किरकोळ.

पण समज? १९६०च्या दशकात सुमारे २५,००० चौरस किलोमीटरचं हे सरोवर १९८०च्या दशकापर्यंत जवळपास ९० टक्के आटलं. तेव्हाची उपग्रहचित्रं शेजारी-शेजारी ठेवली की मुलंच विचारतात, कोळी कुठे गेले? मग दुष्काळ, सिंचन, गुराखी-शेतकऱ्यांचे तंटे, काठावरचे चार देश ओघाने येतात. मात्र अख्खा खंडच कोरडा, असा समज होऊ देऊ नका. काँगोचं वर्षावन जरूर दाखवा.

पहिली ओळख करून द्यायची तर नकाशा. आठवीपुढच्या, प्रश्न विचारणाऱ्या वर्गाला चाडच द्या.